कुठे टाकलंत, तेवढं सांगा

एक कलम वाचलं आणि त्या रात्री झोप लागली नाही, तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं. आफ्रिकेतल्या रवांडात १९९४ च्या वंशसंहाराचे खटले ज्या ‘गचाचा’ नावाच्या गावकोर्टांपुढे चालले, त्यांचा २००४ सालचा कायदा आहे, त्यात गुन्हा कबूल करणाऱ्याने काय काय सांगायला पाहिजे ते दिलंय. काय केलं, कुठे केलं, कधी केलं, बरोबर कोण होतं, कुणी बघितलं, कुणाला मारलं. आणि त्याच ओळीत, अगदी कोरड्या सरकारी भाषेत, अजून एक गोष्ट: प्रेतं कुठे टाकली. एवढं सगळं सांगितलं आणि माफी मागितली तरच ती कबुली धरायची.

गेले सात-आठ महिने रात्री सगळं आवरलं की मी हेच वाचत बसते, निकालपत्रं, साक्षी, चौकशीचे रिपोर्ट. घरचे विचारतात, झोपायच्या वेळी हे कशाला वाचतेस, आणि मला धड उत्तर देता यायचं नाही. सुरुवात माझीही त्याच प्रश्नापासून झाली होती ज्याच्यापासून सगळ्यांचीच होते, माणूस असं करूच कसा शकतो. पण वाचत गेले तसं दिसायला लागलं की ज्यांच्यावर हे गुदरलं ते हा प्रश्न फारसा विचारत नाहीत. त्यांना ‘का’ मध्ये तेवढा रस नसतो, का ते त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं असतं. ते विचारतात कुठे. माझा नवरा कुठे आहे, पोरगा कुठे पुरलाय, कुठल्या विहिरीत, कुठल्या खड्ड्यात, हाडं मिळतील का. आणि मला आता असं वाटायला लागलंय की वंशसंहारानंतर एखादा समाज कसा वागला हे बघायचं असेल तर त्याने स्मारकं किती बांधली, भाषणं किती केली हे बघू नये, या एका प्रश्नाला त्याने काय उत्तर दिलं ते बघावं.

रवांडापासून सांगते कारण तिथे मारणारे बहुतेक शेजारीच होते. ६ एप्रिल १९९४ ला रात्री किगालीवर राष्ट्राध्यक्ष हब्यारिमाना यांचं विमान पाडलं गेलं, बुरुंडीचे राष्ट्राध्यक्षसुद्धा त्यातच होते, आणि काही तासांत बहुसंख्य हुतू गटातल्या कट्टर सैनिकांची आणि टोळ्यांची रस्तोरस्ती नाकी उभी राहिली. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान अगाथ उविलिंगियिमाना यांना मारलं, त्या स्वतः हुतू होत्या, त्यांच्या बंदोबस्ताला असलेले बेल्जियमचे दहा शांतिसैनिकही मारले. पुढच्या साधारण शंभर दिवसांत पाच ते आठ लाख माणसं गेली, रवांडाचं सरकार दहा लाखांच्या वर सांगतं, त्यात बहुतेक अल्पसंख्य तुत्सी गटाचे आणि त्यांच्या बाजूने उभे राहिलेले किंवा सरकारला नको असलेले हुतू. भाषा एक, धर्म एक, राहणं त्याच टेकड्यांवर, एकमेकांत लग्नं झालेली. मग नाक्यावर ओळखायचे कसे, तर ओळखपत्रावरून. १९३० च्या दशकात बेल्जियन राजवटीने प्रत्येकाच्या कार्डावर हुतू, तुत्सी की त्वा ते लिहायला सुरुवात केली होती, स्वातंत्र्य आलं तरी तो कागद तसाच चालू राहिला, आणि साठ वर्षांनी त्या एका शब्दावर माणूस जगायचा की मरायचा ते ठरलं.

आणि रेडिओ. आरटीएलएम नावाचं स्टेशन १९९३ मध्ये सुरू झालं, चांगलं संगीत, थट्टामस्करी, तरुण पोरांना आवडेल असं सगळं, म्हणून तर लोक ऐकायला लागले. त्यातच तुत्सींना झुरळं म्हणायचं, साप म्हणायचं, आणि एप्रिल उजाडल्यावर कोण कुठे लपलाय त्याची नावं सांगायची. मारण्याला त्यांचा शब्द होता ‘काम’. कामाला चला, काम अजून संपलेलं नाही. मला हा शब्द झुरळांपेक्षाही भयंकर वाटतो. झुरळ म्हटलं की समोरचा माणूस राहत नाही हे खरं, पण काम म्हटलं की मारणारा स्वतः आहे तसाच राहतो, सकाळी उठून जायचं, संध्याकाळी यायचं, चार लोकांबरोबर केलेलं, वरून सांगितलेलं, नेहमीसारखं.

हे अचानक पेटलं, टोळ्या-टोळ्यांचं जुनं वैर उफाळलं असं तेव्हा जगभर छापून आलं आणि अजूनही लोक तसंच बोलतात, ते खरं नाही. याद्या होत्या, इंटेराहाम्वे या सत्ताधारी पक्षाच्या टोळीतल्या पोरांना शिकवून तयार केलं होतं. संयुक्त राष्ट्रांच्या तुकडीचे प्रमुख रोमेओ डॅलेर यांनी जानेवारी १९९४ मध्येच न्यूयॉर्कला कळवलं होतं की आतल्या एका माणसाने शस्त्रसाठ्यांची माहिती दिलीय, तुत्सींच्या नोंदी कशासाठी चालल्यात तेही सांगितलंय, आम्ही धाड घालतो. परवानगी मिळाली नाही. आणि कत्तल चालू झाल्यावर २१ एप्रिलला सुरक्षा परिषदेने काय ठरवलं तर अडीच हजारांची फौज २७० वर आणायची. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आकडा चुकलाय असं वाटून परत बघितला होता.

शब्दाबद्दल थोडं. आपल्याकडे पेपरात नरसंहार, हत्याकांड, वंशसंहार हे सगळे शब्द एकमेकांच्या जागी वापरतात, तसं करू नये असं मला मनापासून वाटतं. जेनोसाइड हा शब्द राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू वकिलाने १९४४ मध्ये घडवला, ग्रीक आणि लॅटिन जोडून, त्याच्या स्वतःच्या कुटुंबातली ४९ माणसं नाझींनी मारली होती. पुढे त्याने जवळजवळ एकट्याने खेटे घालून, पत्रं लिहून, प्रतिनिधींना गाठून ९ डिसेंबर १९४८ चा करार घडवून आणला. त्या करारात पाच कृत्यं दिलीत. जिवे मारणं हे त्यातलं फक्त एक. शरीराला किंवा मनाला गंभीर इजा, जगणंच अशक्य होईल अशी परिस्थिती लादणं, जन्म रोखणं, आणि एका गटाची मुलं उचलून दुसऱ्या गटाला देऊन टाकणं, ही बाकीची. म्हणजे एकही माणूस न मारता हा गुन्हा होऊ शकतो, आणि लाखो मारले तरी होत नाही असंही होतं, कारण हेतू दाखवावा लागतो, की एखादा राष्ट्रीय, वांशिक, वर्णाचा किंवा धर्माचा गट, पूर्ण किंवा अंशतः, गट म्हणून संपवायचा होता. कंबोडियात १९७५ ते ७९ मध्ये ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीच्या काळात पंधरा ते वीस लाख माणसं गेली, पण २०१८ मध्ये कोर्टाने वंशसंहार म्हटलं ते चाम मुसलमान आणि व्हिएतनामी लोकांच्या बाबतीत, बाकीचे ख्मेर लोक मारले गेले तो मानवतेविरुद्धचा गुन्हा. ज्यांचे आईबाप गेले त्यांना या फरकाचं काय करायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

आता नंतरचं.

रवांडासाठी संयुक्त राष्ट्रांनी नोव्हेंबर १९९४ मध्ये कोर्ट नेमलं, ते बसलं टांझानियात, अरुशाला. तिथला अकायेसूचा खटला मी दोनदा वाचलाय. झां-पॉल अकायेसू आधी शिक्षक होता, मग ताबा या गावांच्या गटाचा प्रमुख, म्हणजे लोक ज्याच्याकडे भरवशाने जातील असा माणूस. पहिले दहा-बारा दिवस त्याने ताब्यात कत्तल होऊ दिली नाही, उलट अडवली. मग १८ एप्रिलच्या आसपास हंगामी सरकारबरोबर बैठक झाली आणि हा माणूस फिरला. बायका जीव वाचवायला त्याच्याच ऑफिसच्या आवारात येऊन बसल्या होत्या, तिथेच त्यांच्यावर बलात्कार झाले.

आणि हे आरोपपत्रात नव्हतंच! खटला सुरू झाला तेव्हा बलात्काराचा एक शब्द त्यात नव्हता. जानेवारी १९९७ मध्ये एक बाई वेगळ्याच गोष्टीची साक्ष देत होती, बोलता बोलता तिने सांगितलं की माझ्या सहा वर्षांच्या मुलीवर बलात्कार झाला. न्यायाधीशांनी पुढे विचारलं. तीन न्यायाधीशांत एक बाई होत्या, दक्षिण आफ्रिकेच्या नवनीतम पिल्ले. मग अजून एक साक्षीदार बोलली, काम थांबवून तपास झाला, जूनमध्ये आरोपपत्र बदललं, आणि ताब्याच्या बायका अरुशाला येऊन बोलल्या, पडद्याआड, नावाऐवजी अक्षरं लावून. २ सप्टेंबर १९९८ ला निकाल लागला. एखाद्या आंतरराष्ट्रीय कोर्टाने वंशसंहारासाठी माणसाला दोषी ठरवलं ते पहिल्यांदा, आणि बलात्कार हासुद्धा वंशसंहाराचाच भाग असू शकतो हेही पहिल्यांदा. करार होऊन पन्नास वर्षं झाली होती. मी सारखा विचार करते की त्या बाईने त्या दिवशी ते वाक्य बोललंच नसतं तर, किंवा बेंचवरून ‘पुढचा प्रश्न’ म्हणून सोडून दिलं असतं तर.

पण अरुशा लांब होतं. जवळपास वीस वर्षांत तिथे ९३ जणांवर आरोप ठेवले गेले, मोठे मासे, पंतप्रधान, मंत्री, सेनाधिकारी, रेडिओवाले. इकडे रवांडात तुरुंगात सव्वा लाखाच्या आसपास माणसं कोंबलेली, झोपायला जागा नाही म्हणून पाळीपाळीने उभी राहणारी. न्यायाधीश, वकील बरेचसे मारले गेलेले नाहीतर पळालेले. नेहमीच्या कोर्टाने एकेक खटला चालवला तर शंभर वर्षंही पुरणार नाहीत असा हिशेब होता. म्हणून गचाचा. शब्द गवताच्या नावावरून आलाय, गावातले वडीलधारे गवतावर बसून भांडणं मिटवायचे ती जुनी पद्धत, तिलाच कायद्यात बसवून २००२ मध्ये काही ठिकाणी आणि २००५ पासून देशभर लावली. १२ हजारांच्या आसपास कोर्टं, २०१२ मध्ये बंद होईपर्यंत १९ लाखांवर प्रकरणं. न्यायाधीश म्हणजे गावाने निवडलेली सचोटीची माणसं, शेतकरी, शिक्षिका, विधवा, खांद्यावरून झेंड्याच्या रंगाचा पट्टा. वकील नाही. आठवड्यातला एक दिवस ठरलेला, सगळ्यांनी यायचं, बाकावर, गवतावर, झाडाखाली बसायचं आणि ऐकायचं.

हे डोळ्यासमोर आणून बघा. गुलाबी कपड्यातला कैदी उभा राहतो, हा चार घरं सोडून राहायचा, याच्या मुलाच्या बारशाला ती गेली असेल. तो सांगतो की अमक्या दिवशी मी आणि अजून तिघांनी मिळून, आणि नावं घेतो. नावं घेतली त्यातले दोघे तिथेच गर्दीत बसलेले असतात. ती बाई शेवटी एकच विचारते, कुठे टाकलं. तो सांगतो, संडासाच्या खड्ड्यात. किंवा शेताच्या बांधापाशी. मग गाव कुदळी घेऊन तिकडे जातं. असं देशभर, वर्षानुवर्षं, शेकडो ठिकाणी घडलं. आणि कितीतरी वेळा बसल्या जागी कुणाला तरी झटका यायचा, श्वास कोंडायचा, ओरडत सुटायची बाई, त्याला तिकडे ‘इहाहामुका’ म्हणतात, जीव फुफ्फुसातून निघून जातोय असं काहीतरी, हा शब्द या अर्थाने ९४ नंतरच रुळला.

काहींना उत्तर मिळायचं ते नदी. न्याबारोंगो. १९९२ मध्ये लेओन मुगेसेरा नावाच्या पुढाऱ्याने जाहीर सभेत सांगितलं होतं की तुत्सींना न्याबारोंगोतून त्यांच्या मूळ देशी, इथिओपियाला, पाठवून देऊ. दोन वर्षांनी ते अक्षरशः झालं, प्रेतं वाहत वाहत कागेरा नदीत आणि तिथून व्हिक्टोरिया सरोवरात गेली, युगांडाच्या कोळ्यांनी आणि गावकऱ्यांनी हजारो प्रेतं काढून पुरली, ज्यांची नावं कुणालाच माहीत नाहीत. मुगेसेरा बरीच वर्षं कॅनडात राहिला, शेवटी त्याला परत आणून २०१६ मध्ये रवांडाच्या कोर्टाने जन्मठेप दिली. पण नदीत गेलेल्याची जागा कुणी दाखवणार नाही.

गचाचाबद्दल सुरुवातीला मी फार भारावून वाचत होते. आता तेवढी भारावलेली नाही, पण टाकाऊ म्हणणाऱ्यांशीही पटत नाही. खोट्या कबुल्या झाल्या, शिक्षा अर्ध्यावर येते म्हणून अर्धंच सांगायचं, साथीदार म्हणून आधीच मेलेल्यांची नावं घ्यायची. जमिनीच्या भांडणातून खोटे आरोप झाले. साक्ष द्यायला निघालेल्या काही जणांचे खून पडले. बलात्काराची प्रकरणं शेवटी शेवटी गचाचातच आली, बंद दाराआड ऐकली तरी गावात कळायचं ते कळायचंच. आणि कबुली दिलेला माणूस पुढे सुटून त्याच टेकडीवर, त्याच वाटेवर राहायला येतो. बाहेरची माणसं याला समेट म्हणून टाकतात, फोटो छापतात, एका बाजूला ती आणि एका बाजूला तो. मला ते फोटो बघवत नाहीत. ती त्याच नळावर पाणी भरते कारण दुसरा नळ नाही. त्याला माफी म्हणायचं की नाही हे तिने ठरवावं, आपण नाही.

आणि एक गोष्ट जी गचाचात विचारताच आली नाही. वंशसंहार थांबवला तो पॉल कागामे यांच्या आरपीएफ या बहुतांशी तुत्सी बंडखोर सेनेने, जुलै ९४ मध्ये किगाली घेऊन, हे खरं आहे आणि ते कुणी खोडू नये. पण त्याच आरपीएफच्या सैनिकांनीही हुतू लोकांना मारलं, रवांडात आणि नंतर काँगोत, आणि ते गुन्हे गचाचाच्या कक्षेबाहेर ठेवले. त्या हुतू बायकांचेही नवरे गेले, त्यांनी कुठे टाकलं हे कुणाला विचारायचं. किझितो मिहिगो हा गायक स्वतः त्या कत्तलीतून वाचलेला तुत्सी, त्याने २०१४ मध्ये गाण्यातून इतर मेलेल्यांसाठीही दुःख केलं, तुरुंगात गेला, माफी मिळून सुटला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये पोलीस कोठडीत मेला. दोन्ही गोष्टी सारख्या होत्या असं मी अजिबात म्हणत नाहीये, तसं म्हणणं हा नाकारण्याचाच एक प्रकार आहे. पण दुःखाला परवाना लागावा हे मला पटत नाही.

आणि एवढी कोर्टं होऊनही, २०१८ मध्ये किगालीच्या जवळ घरांखाली खड्डे सापडले, खोदत गेले तशी हजारो माणसांची हाडं निघाली. वर लोक राहत होते, चोवीस वर्षं, आणि आजूबाजूच्यांना माहीत नसेल असं होऊच शकत नाही. दरवर्षी ७ एप्रिलला सगळा देश शोक पाळायचा, आणि त्या खड्ड्यांवर चुली पेटत होत्या.

बोस्नियाची गोष्ट उलटी आहे. तिथे मारणाऱ्यांना हा प्रश्न येणार हे माहीत होतं, म्हणून त्यांनी उत्तरच मोडून टाकलं.

११ जुलै १९९५ ला सेनापती रात्को म्लादिचच्या बोस्नियन सर्ब फौजा स्रेब्रेनित्सात शिरल्या. संयुक्त राष्ट्रांनी ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केलेलं गाव, डच सैनिक तिथे होते. तिथल्या मुसलमान बायका-मुलांना बसमध्ये घातलं, पुरुष आणि पोरं वेगळी काढली, आणि पुढच्या काही दिवसांत आठ हजारांहून जास्त जणांना मारलं, शेतात, गोदामात, शाळेच्या मागे. मोठमोठे खड्डे करून पुरलं. मग अमेरिकेने वरून घेतलेल्या फोटोत उकरलेली माती दिसली, जगात बोभाटा झाला, तेव्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रात्री बुलडोझर आणून ते खड्डे परत उकरले, कुजलेली प्रेतं यंत्राच्या दातांनी तुटत होती तशीच ट्रकमध्ये भरून लांब डोंगरात दुसऱ्या खड्ड्यांत नेऊन टाकली. त्यामुळे एकाच माणसाची हाडं दोन, तीन, त्याहूनही जास्त ठिकाणी सापडली आहेत. मांडी एकीकडे, कवटी वीस-तीस किलोमीटरवर.

तपास करणाऱ्यांनी ते परत कसं जुळवलं ते वाचताना मी थक्क झाले. कोझलुक इथल्या खड्ड्यात बाटल्यांच्या कारखान्यातून टाकलेली हिरवी काच होती, तीच काच लांबच्या दुसऱ्या खड्ड्यांत प्रेतांबरोबर मिळाली. डोळ्यांवर बांधलेल्या चिंध्यांचं कापड जुळलं, माती जुळली, काडतुसं जुळली. एक माणूस स्वतःहून बोललाही, द्राझेन एर्देमोविच, विशीतला सैनिक, त्याने ब्रान्येवो फार्मवर १६ जुलैला दिवसभर गोळ्या घातल्या, त्याच्या अंदाजाने त्याच्या हातून सत्तरएक माणसं गेली, तिथे एकूण हजारावर मेली. नाही म्हटलं असतं तर मलाच रांगेत उभं केलं असतं असं त्याने सांगितलं, कोर्टात रडला, पाच वर्षांची शिक्षा झाली. सत्तर माणसांना पाच वर्षं. माझा हात कितीदा त्या पानावर थांबला. पण ती जागा जगाला सांगणारा तोच होता, बाकीचे तेव्हा गप्प होते.

मग हाडांना नाव द्यायचं. आधी, डीएनए नव्हतं तेव्हा, सापडलेल्या कपड्यांचे आणि वस्तूंचे फोटो काढून त्याचा अल्बम केला आणि आयांना, बायकांना दाखवत फिरले. चाव्या, तंबाखूची डबी, घरी विणलेला स्वेटर, मोजे. बाई पानं उलटत जाते आणि एका पँटच्या ठिगळावर थांबते, कारण ते ठिगळ तिनेच लावलंय, त्या रंगाचा दोरा नव्हता म्हणून दुसरा वापरला होता, असं तिला आठवतं. पण असं जुळणं फार थोड्यांचं व्हायचं. हरवलेल्यांचा शोध घेणारी आंतरराष्ट्रीय संस्था १९९६ मध्ये झाली होती, तिने नातेवाइकांचं रक्त घ्यायला सुरुवात केली, एकट्या स्रेब्रेनित्सासाठी वीस हजारांहून जास्त लोकांनी बोटाला सुई टोचून घेतली, आणि नोव्हेंबर २००१ मध्ये डीएनएवरून पहिली ओळख पटली. आजवर जवळपास सात हजार जणांची पटलीय. हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टातले खटले महत्त्वाचेच, सर्ब सेनाधिकारी क्रिस्तिचच्या खटल्यात २००१ मध्ये वंशसंहार म्हटलं गेलं, म्लादिच सोळा वर्षं लपला, २०११ ला सापडला, २०१७ मध्ये जन्मठेप झाली, २०२१ मध्ये कायम झाली. पण मला तुझल्याच्या प्रयोगशाळेत हाडं घासणारी, नंबर टाकणारी माणसं जास्त जवळची वाटतात.

आणि नाकारणं? तेही याच प्रश्नाशी येऊन थांबतं. २००४ मध्ये बोस्नियातल्या सर्ब प्रजासत्ताकाच्या सरकारनेच नेमलेल्या आयोगाने रिपोर्ट दिला, हत्या झाल्याचं मान्य केलं, आणि तोवर कुणाला माहीत नसलेल्या ३२ सामूहिक कबरींच्या जागा सांगितल्या. बत्तीस! म्हणजे माहिती होती, कुणाच्या तरी कपाटात होती. २०१८ मध्ये तिथल्याच विधानसभेने तो रिपोर्ट रद्द केला. मे २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११ जुलै हा स्मृतिदिन करायचा ठराव आला तेव्हा ८४ बाजूने, १९ विरोधात आणि ६८ तटस्थ. अडुसष्ट देशांना हात वर करता आला नाही. तुर्कस्तानात १९१५ मधल्या आर्मेनियन लोकांच्या कत्तलीला ‘वंशसंहार’ म्हणणाऱ्या पत्रकार ह्रांत दिंक यांच्यावर आधी खटला झाला आणि २००७ मध्ये त्यांच्याच ऑफिससमोर गोळ्या घातल्या, त्या कत्तलीला तेव्हा नव्वदहून जास्त वर्षं झाली होती.

जर्मनीचं उदाहरण सगळे देतात, की त्यांनी कसं सगळं मान्य केलं. केलं, पण किती उशिरा आणि किती ओढत. पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट ७ डिसेंबर १९७० ला वॉर्साच्या ज्यू वस्तीच्या स्मारकापुढे गुडघ्यावर बसले तेव्हा पश्चिम जर्मनीत घेतलेल्या पाहणीत ४८ टक्के लोकांना ते जरा अतीच वाटलं होतं, योग्य म्हणणारे ४१ टक्के. युद्ध संपून पंचवीस वर्षं झाली होती. मला तिथलं भावतं ते फुटपाथवरचं, दहा सेंटिमीटरचा पितळी पत्रा दगडावर बसवलेला, घराच्या दारासमोर, गुंटर डेम्निग या कलाकाराने सुरू केलेलं, आता एक लाखाच्या वर झालेत. पत्र्यावर बहुतेक वेळा सुरुवात असते ‘इथे राहत होता’ किंवा ‘इथे राहत होती’, मग नाव, जन्मसाल, कुठे नेलं, कधी मारलं. ज्यांची राख झाली त्यांना कुठे पुरलं हे सांगताच येत नाही, म्हणून निदान कुठे राहायचे ते. म्युनिकने आपल्या रस्त्यांवर ते बसवू दिले नाहीत, नावं पायाखाली येतात म्हणून काही ज्यू लोकांचाच विरोध होता, आणि त्यांचंही म्हणणं मला समजतं.

परत स्रेब्रेनित्साकडे येते, कारण मी अडकलेय ती तिथेच. गावाजवळ पोतोचारीला दरवर्षी ११ जुलैला, त्या वर्षभरात ओळख पटलेल्यांना माती देतात. हिरव्या कापडातल्या अरुंद पेट्या, हातोहात, डोक्यांवरून पुढे सरकत जातात. सुरुवातीला एका दिवशी शेकड्यांनी असायच्या, आता थोड्याच असतात, आणि हलक्या असतात. कारण फोन येतो तेव्हा पूर्ण माणूस मिळालाय असं क्वचितच असतं. फोनवरची व्यक्ती सांगते की तुमच्या मुलाची ओळख पटली, आणि मग काय काय मिळालंय ते सांगावं लागतं. डावी मांडी, दोन बरगड्या. आता आईने ठरवायचं, एवढ्याला माती द्यायची की अजून काही सापडेल म्हणून थांबायचं. आई सत्तरीची, ऐंशीची. काही जणी देऊन टाकतात, आपल्या डोळ्यांदेखत होऊ दे म्हणून. मग दोन-तीन वर्षांनी परत फोन, अजून एक हाड मिळालंय, कबर परत उघडायची का. काही जणींनी उघडली, एकदा, दोनदा. काही जणी अजून थांबल्यात, फोन जवळ ठेवून, आणि कुठल्याशा गावात एक म्हातारा आहे ज्याने त्या सप्टेंबरात रात्री बुलडोझर चालवला होता आणि ज्याला जागा माहीत आहे.